मंत्रचळ
मंत्रचळ : (कल्पना-कृती-अनिवार्यता विकृती). नकोसा विचार, प्रतिमा वा ऊर्मी मनात वारंवार घुसणे आणि त्यामुळे निर्माण होणारी अस्वस्थता शमविण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे वा मनातल्या मनात शब्द घोळवणे यांसारख्या कृती पुनःपुन्हा कराव्या लागणे, ही या मनोविकाराची प्रमुख लक्षणे होत. आपला विचार व कृती फोल आहेत, हे रुग्णाला बहुधा कळत असते; तरीही तो स्वतःला थांबवू शकत नाही. ‘कळते पण वळत नाही’ या अवस्थेचा उलगडा करण्याचे प्रयत्न म्हणजेच या विकाराच्या आकलनाचा इतिहास होय.

यूरोपात त्याचा विचार प्रथम धर्माच्या चौकटीत झाला. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) यास १५२२-२३ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे असताना पापांची कबुली अपुरी राहिल्याच्या शंकेने ग्रासले होते. पुनःपुन्हा कबुली देऊनही शंका फिटेना. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगावे, अशी आज्ञा त्यास झाली. परंतु त्याला सर्वच पापे स्पष्ट वाटत असल्याने तिचा उपयोग झाला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा विषय वैद्यकाच्या कक्षेत आला. फ्रेंच वैद्य एस्किरोल (१७७२–१८४०) याने १८३८ च्या ग्रंथात एका तरुणीची हकीकत नोंदविली. दुसऱ्याची वस्तू नकळत आपल्याबरोबर येईल, या धास्तीने ती पछाडलेली होती. मात्र तिची विचारशक्ती शाबूत होती. ल्ग्रां द्यु सोल याने १८७५ मध्ये संशय आणि स्पर्शभय यांची सांगड घातली. जर्मन मनोविकारतज्ञ कार्ल वेस्टफाल (१८३३–९०) याने १८७७ मध्ये केलेली व्याख्या निर्णायक ठरली : बुद्धी अविकृत असताना इच्छेविरुद्ध जाणिवेत शिरणाऱ्या आणि स्वतः रुग्णालाच परक्या वाटणाऱ्या त्या या कल्पना होत. वेडापासून हा विकार वेगळा करता आला, तो या निकषामुळे.

प्येर झाने (१८५९–१९४७) याने १९०३ मध्ये मानसिक शक्तीचा ऱ्हास व अपूर्णतेची भावना यांवर भर दिला. फ्रॉइडने (१८५६–१९३९) १९०७ मध्ये धर्मविधी व अनिवार्य कृती यांतील साम्य दाखविले आणि दडपलेल्या प्रेरणांशी चाललेला अबोध झगडा हे विकाराचे मूळ मानले. तथापि मनोविश्लेषणाने लक्षणांचा अर्थ लागला, तरी ती सहसा हटत नसत.

उपचारांना खरे वळण १९६६ मध्ये मिळाले. लंडनमधील व्हिक्टर मेयर याने दोन रुग्णांना भीतिदायक प्रसंगांना सामोरे नेऊन त्यानंतरची अनिवार्य कृती करू दिली नाही. अपेक्षित अनर्थ घडत नाही आणि अस्वस्थताही सोसता येते, असा अनुभव त्यांना आला. याच सुमारास क्लोमिप्रॅमीन या औषधाचा गुण स्पेनमध्ये आढळून आला. १९९२ मध्ये लॉस अँजेल्स येथील बॅक्स्टर व सहकाऱ्यांना औषध व वर्तनोपचार या दोहोंनी सुधारलेल्या रुग्णांच्या मेंदूतील कॉडेट केंद्रकाच्या चयापचयात सारखाच बदल दिसला. शरीर व मन यांच्या कारणांतील जुना वाद त्यामुळे बराच सौम्य झाला.

भारतात शुचितेच्या रूढींमुळे विकार झाकला जातो. बंगालमधील ‘शुचिबाई’चा अभ्यास अजिता चक्रवर्ती व बॅनर्जी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातही अतिरेकी सोवळे हा स्वभाव वा हट्ट मानला जाण्याचा संभव असतो. परंतु रूढीचे आचरण विधी पुरा होताच समाधान देते. मंत्रचळात मात्र पुरे झाल्याची खात्री कधीच पटत नाही. म्हणूनच रुग्णाला रागावणे जसे व्यर्थ, तसेच ‘हात स्वच्छ आहेत’ अशी वारंवार ग्वाही देणेही अंती घातक ठरते. क्षणभर दिलासा मिळतो आणि शंका अधिक बळावते. शंकेचे निरसन करण्याऐवजी तिच्यासह जगण्यास शिकविणे, हे आधुनिक उपचारांचे सूत्र आहे.