शाळापट्टी आणि रयतेची संमति
(सातारा व सांगली प्रांत)

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, करीने, यादी व बखरी यांकडे संग्राहकाची दृष्टि प्रथम जाते, व तें योग्यच आहे. परंतु ज्या दप्तरांतून हे कागद निघतात त्याच दप्तरांच्या वरच्या अंगास दुसराहि एक थर असतो. लोकल फंडाच्या पावत्या, शाळेचीं दाखलरजिष्टरें, वर्गणीच्या याद्या, पंचायतींचीं ठरावबुकें असे हे कागद असतात. ते फार जुने नाहींत एवढ्याच दोषास्तव रद्दींत जातात. या थरावांचून ज्याचा उलगडा व्हावयाचा नाहीं अशा एका प्रश्नाची मांडणी प्रस्तुत लेखांत करावयाची आहे. गांवच्या शाळेसाठीं रयतेनें पैसा दिला, तो कोणाच्या संमतीनें?

प्रथम प्रदेशाविषयीं दोन शब्द. ज्यास आज आपण सांगली जिल्हा म्हणतों तो १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. वाळवें, शिराळें, तासगांव, खानापूर हे तालुके तत्पूर्वीं सातारा जिल्ह्यांतच होते. सांगली, मिरज, जत हीं संस्थानें होतीं. आणि कुंडल व आटपाडी हे तालुके औंध संस्थानाचे होते. तेव्हां या विषयांत सातारा व सांगली यांचा विचार एकत्रच करणें प्राप्त आहे.

पेशवाईंत व त्यानंतरहि कांहीं काळ पंतोजीच्या शाळेचा खर्च हा गांवाचा खर्च नव्हता. ज्याचें मूल शिके तो धान्य, पैसा किंवा सणावारीं शिधा देई. ज्याचें शिकत नसे त्याच्याकडे कोणी मागत नसे. येथें संमतीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं साताऱ्यास शाळा चालविल्या त्यांचा खर्च सरकारांतून होई. १८४८ सालीं राज्य खालसा झालें आणि सातारा प्रांत मुंबई इलाख्याच्या कारभारांत आला. तेव्हांपासून शाळेसाठीं सबंध गांवाकडे मागणी करण्यास सुरुवात झाली.

१८५४ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणबोर्डानें अशी योजना काढली कीं, जो गांव शिक्षकाचा निम्मा पगार देईल, शाळेस घर देईल व पुस्तकांची तरतूद करील त्या गांवीं सरकार शाळा उघडील. वरवर पाहतां ही योजना संमतीचीच होती. गांवानें अर्ज करावा, कबुली लिहून द्यावी, मग शाळा यावी. परंतु ‘गांव’ म्हणजे कोण? आपल्या जुन्या महजरांकडे पाहावें. एखाद्या वतनाच्या तंट्यांत निवाडा झाला कीं महजरावर देशमुख-देशपांड्यांच्या खालीं गोताची साक्ष पडे. ज्यास अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याची व पाटलाची निशाणी नांगर. निरक्षर मनुष्यहि कागदावर हजर असे. शाळाखात्याकडील कबुलीस असली गोतसभा लागत नव्हती. पाटील-कुलकर्णी व चार प्रतिष्ठित यांची सही म्हणजे गांवाची सही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कबुली एकानें द्यावी आणि पैसा दुसऱ्यानें भरावा असा प्रकार असल्यामुळें वर्गणी तुंबूं लागली, व ती नियमितपणें येत नाहीं अशी तक्रार खुद्द शाळाखात्याचे अधिकारीच करूं लागले.

यावर सरकारानें उपाय काढला तो संमतीचा प्रश्न सोडविणारा नव्हे, तर मोडीत काढणारा. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी बसविण्यास आरंभ झाला. हीच ती लोकल फंडाची पट्टी. तिचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांस व एक हिस्सा शाळांस, अशी वांटणी होती. सुरुवातीस या पट्टीच्या पाठीशीं कायदा नव्हता. तो १८६९ सालीं झाला. म्हणजे सहा वर्षें ही पट्टी लोकांच्या खुषीची म्हणून वसूल होत होती! खुषी कशी अजमावली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. महसुलाचा हप्ता भरतेवेळीं त्याच पावतींत आणखी एक रक्कम वाढलेली दिसे, एवढीच रयतेस तिची ओळख.

येथें विलायतेकडे क्षणभर पाहिलें असतां फरक स्पष्ट होतो. इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें गांवोगांव शाळामंडळें झालीं. त्यांना स्थानिक करांतून पैसा घेण्याचा अधिकार मिळाला खरा, पण मंडळाचे सभासद निवडावयाचे ते कर भरणारांनींच. कर भरणाऱ्या स्त्रियांसहि तेथें मत होतें. साताऱ्याच्या कुणब्यावर शाळेची पट्टी त्याच्या सात वर्षें आधीं बसली. मताचा मात्र पत्ता नव्हता. राज्य एकाच राणीचें, पण करावरोबर मत देण्याचा न्याय समुद्र ओलांडून आला नाहीं.

या अन्यायास प्रथम वाचा फोडणारा पुरुष मूळचा याच प्रांतांतला. जोतीराव फुले यांचें घराणें खटाव तालुक्यांतील कटगुणचें. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं जें निवेदन सादर केलें त्याचा गाभा असा कीं, सरकारचें उत्पन्न मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमांतून येतें, परंतु विद्येवरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. यास्तव प्राथमिक शिक्षणास अधिक पैसा द्यावा व बारा वर्षांच्या वयापर्यंत तें सक्तीचें करावें. पुढल्याच वर्षीं लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतहि लोकल फंडाविषयींचें गाऱ्हाणें आलेलें आहे. या निवेदनाची चर्चा बहुधा जातिविषयक वादाच्या अनुषंगानें होते. माझ्या मतें त्यांतील हिशेबाची बाजू अधिक मोलाची आहे. जोतीराव शाळेसाठीं कर घेण्याच्या विरुद्ध नव्हते. ज्यानें कर दिला त्याच्या दारीं शाळा आली नाहीं, हें त्यांचें म्हणणें. पावती आणि हजेरीपट हे दोन कागद एकत्र ठेवून पाहण्याची जी पद्धति आपण संशोधक म्हणवितों, तीच त्यांनीं वापरली.

१८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकलबोर्डें झालीं व कांहीं जागा निवडणुकीनें भरूं लागल्या. परंतु मतदाराची पात्रता मालमत्तेवर व सरकारदेण्यावर ठरे. लहान खातेदार पट्टी भरून बाहेरच राही. १९११ सालीं गोपाळराव गोखल्यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणलें. त्यांत स्थानिक संस्थांनीं शिक्षणाचा कर बसवावा व खर्चाचे दोन हिस्से सरकारानें, एक हिस्सा स्थानिक संस्थेनें उचलावा अशी योजना होती. मार्च १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस तो अधिकार मिळाला. खेड्यांस १९२३ पर्यंत थांबावें लागलें. त्या वर्षीं रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असतां प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला व शाळा लोकलबोर्डांच्या हातीं आल्या. वाढत्या खर्चाचे दोनतृतीयांश सरकारानें द्यावयाचे ठरलें. त्याच सालच्या लोकलबोर्डाच्या कायद्यानें मतदारांची संख्याहि वाढली. साताऱ्यांत सत्यशोधक समाजाचें बळ मोठें. तेव्हां बोर्डाच्या निवडणुकींत शाळा कोणाच्या वस्तींत काढावी, शिक्षक कोण नेमावा, हे प्रश्न गांवच्या चावडीवर बोलले जाऊं लागले. साठ वर्षें मुकाट्यानें भरलेल्या एका आण्याचा हिशेब विचारण्याची सोय प्रथमच झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु या प्रांतांत रयतेची संमति खऱ्या अर्थानें मिळविली ती बोर्डानें नव्हे. भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म कुंभोजचा, घराणें वाळवें तालुक्यांतील ऐतवडें बुद्रुकचें. सांगलीनजीक दुधगांव येथें सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांचा आश्रम काढून त्यांनीं अनुभव घेतला, व ४ आक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्यें संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें तेथील वसतिगृहास छत्रपति शाहू महाराजांचें नांव मिळालें. या सर्व गोष्टी प्रसिद्ध आहेत. आपल्या विषयाशीं संबंध आहे तो त्यांच्या पैसा जमविण्याच्या रीतीशीं. मुष्टिफंड हें तिचें नांव. बाईनें दळणास बसण्यापूर्वीं मूठभर धान्य बाजूच्या मडक्यांत टाकावें, व तें ठराविक दिवशीं वसतिगृहास जावें.

या मुठीचें महत्त्व रकमेंत नाहीं. लोकल फंड महसुलाबरोबर निघून जाई व कोठें गेला हें कळत नसे. मूठ मात्र रोज नव्यानें द्यावी लागे. पसंत नसेल तर उद्यां मडकें रिकामें ठेवण्यास कोणाची परवानगी नको. मतपेटी पाहिली नव्हती अशा घरांत जोंधळ्याच्या मुठीनें कौल दिला जात होता, आणि तो देणारी बहुधा बाई होती, जिला बोर्डाच्या यादींत क्वचितच स्थान असे. मागणारानेंहि आपलें घर आधीं मोकळें केलेलें होतें; लक्ष्मीबाईंनीं दागिने दिले, अखेर मंगळसूत्रहि मोडलें, ही गोष्ट या जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक होती. दान मागणाराविषयींचा विश्वास हाच येथें जाहीरनामा ठरला. १९३७ सालीं खेरमंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर स्वयंसेवी शाळांची योजना निघाली, तेव्हां साताऱ्याजवळील यवतेश्वरापासून आरंभ करून संस्थेनें अशा ५७८ शाळा चालविल्या. त्या बहुधा देवळांत, चावडींत, कोणाच्या तरी सोप्यांत भरत. ज्या गांवांनीं १८५४ च्या कबुलीप्रमाणें शाळेस घर दिलें नाहीं त्याच प्रकारच्या गांवांनीं आतां देऊळ मोकळें करून दिलें. दारिद्र्य तेंच होतें. मागणारा बदलला होता.

आतां औंधाकडे वळूं. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गांधीजींचा सल्ला घेऊन व मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्यानें जानेवारी १९३९ मध्यें संस्थानास स्वराज्याची घटना दिली. बहात्तर गांवांचें हें लहानसें संस्थान. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे चार तुटक तालुके. गांवानें पांच पंच निवडावे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुकासमिति व्हावी, आणि शाळा, पाणी, रस्ते यांवरील खर्च त्यांनींच ठरवावा, अशी रचना होती. शाळेवर किती खर्चावें हें ठरविण्याचा अधिकार या प्रांतांतील खेडुतास इतक्या जवळून दुसरीकडे कोठेंहि मिळालेला नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरींत धनगरांच्या वाडीवर गेलेला जो तरुण मास्तर आहे, तो याच संस्थानच्या मुलुखांतला.

या घटनेंत एक अट होती, व तिच्याजवळ थांबणें जरूर आहे. मत साक्षरासच. १८८४ सालीं मताचा हक्क मालमत्तेवर टांगला होता, औंधांत तो अक्षरावर टांगला. अटीच्या समर्थनार्थ असें म्हणतां येईल कीं तिनें शाळेस मतदार व मतदारास शाळा मिळवून दिली. मत हवें म्हणून प्रौढ मनुष्यहि पाटी घेऊन बसला, तर शाळेस पाठिंबा आपोआप वाढला. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्याच्या लहानपणीं शाळाच नव्हती, त्यानें सारा भरावा आणि शाळेच्या खर्चाविषयीं मात्र बोलूं नये, हें जोतीरावांनीं हंटर कमिशनापुढें मांडलेल्या गाऱ्हाण्याचेंच दुसरें रूप होय. शिवकालीं ज्याचा नांगर महजरावर चालत होता, त्याचा नांगर १९३९ सालीं मतपत्रिकेवर चालला नाहीं. पंतप्रतिनिधींचा हेतु उदार होता यांत शंका नाहीं. तरी गोतसभेच्या जुन्या रिवाजापाशीं घटनाकारांनीं थोडें थांबावयास हवें होतें. १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें. पुढें प्रौढ मतदान देशभर आलें व ही अट इतिहासजमा झाली.

राहतां राहिला कागदांचा प्रश्न. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, भीमराव आंबेडकर दाखल झाले, त्या नोंदीचें रजिष्टर आज अमोल ठेवा मानलें जातें. तें वाचलें याचें कारण तें शाळेच्या कपाटांत राहिलें. तशींच शेंकडों रजिष्टरें वाळवीच्या स्वाधीन झालीं. संग्राहकांनीं पुढील तीन प्रकारच्या कागदांकडे प्रथम वळावें, अशी विनंति आहे. कुलकर्ण्यांच्या घरांतील १८६३ ते १८६९ या सहा वर्षांच्या महसुलाच्या पावत्या. यांतील वाढीव रकमेची नोंद मोडींत असते व ती कोणत्या शब्दांनीं केली आहे हें मुद्दाम टिपून घ्यावें, कारण कायद्यापूर्वीं या पट्टीस काय म्हणत असत याचा उलगडा तेथेंच होईल. दुसरा प्रकार कऱ्हाड-वाळव्याकडील मुष्टिफंडाच्या वह्यांचा. त्यांत पायली-शेरांचीं मापें असल्यानें त्या दुकानदाराच्या वह्या समजून टाकल्या जाण्याचा संभव फार. तिसरा, कुंडल व आटपाडी तालुक्यांतील पंचायतींचीं १९३९ ते १९४८ चीं ठरावबुकें. तीं पाहतांना ठरावाखालील सह्या मोजाव्या, आणि त्यांत कोठें सहीऐवजीं निशाणी आढळली तर तें पान सर्वांआधीं उतरून घ्यावें.