रागलोभाची उलटापालट

'राग' या शब्दाला समानार्थी शब्द लिहा, हा प्रश्न आपण सर्वांनीच शाळेत सोडवलेला आहे. क्रोध, कोप, रोष, संताप असे चार शब्द ओळीने मांडले की पूर्ण गुण मिळत. पण वाचकहो, या यादीतला मूळ शब्दच एकेकाळी यादीतला नव्हता. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आणि त्यावरून मनाला चढलेला रंग, म्हणजे आसक्ती, प्रेम. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना राग आणि क्रोध हे दोन वेगळे विकार म्हणून सांगितले आहेत. आजचा मराठी अर्थ घेऊन वाचणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटेल. 'रंज्' या एकाच धातूपासून आपल्याकडे अनुराग, विरक्त आणि वैराग्य आले, मनोरंजनही आले. या साऱ्या भावंडांनी घराण्याचा जुना अर्थ सांभाळला. गायनातल्या रागानेही सांभाळला. एकट्या 'राग'ने तेवढे घर सोडले.

हे मराठीतच घडले असेही नाही. बंगालीतही 'राग' म्हणजे क्रोधच. हिंदीने मात्र तो शब्द आसक्ती आणि संगीत यांच्याकडेच ठेवला. माझ्या मते या स्थित्यंतरात भावनेची तीव्रता तशीच राहिली, फक्त तिची दिशा फिरली. प्रेमाने चढणारी लाली आणि संतापाने चढणारी लाली पाहणाऱ्याला सारखीच दिसते.

गंमत अशी की, त्याच्या शेजारचा 'लोभ' नेमका उलट्या वाटेने गेला. संस्कृतात आणि हिंदीत तो षड्रिपूंपैकी एक, हाव. मराठीनेही तो अर्थ टाकला नाही. पण आपल्या आजोबा-पणजोबांनी हजारो पत्रांच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहिले, तेव्हा ते कोणाकडे हाव मागत नव्हते. रागाचा द्वेषाकडे आणि लोभाचा मायेकडे प्रवास झाला आणि 'रागलोभ' हा जोडशब्द परस्परविरोधी अर्थांचा बनला. मूळ संस्कृत अर्थाने पाहिले तर ते दोघे सख्खे शेजारी होते, दोन्ही इच्छेचेच प्रकार.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना 'संताप'ची कथा रोजच्या वर्तमानपत्रात सापडेल. हिंदी अंकातल्या निधनवार्तेत 'संतप्त परिवार' असतो, मराठी अंकात 'संतप्त जमाव'. पहिला दुःखाने पोळलेला, दुसरा दगड उचललेला. 'ताप' दोन्हीकडे आहे. संस्कृतात संताप म्हणजे दाह, मनस्ताप. हिंदीने तो दाह शोकाला दिला, मराठीने बहुतेक सगळा क्रोधाला दिला. हिंदी मजकुरावरून घाईने मराठी शोकसंदेश तयार करणाऱ्याने येथे जपून चालावे. एका विशेषणाने शोकाकुल घर भांडखोर ठरते.

आणि ज्या 'गुस्सा'ला आपण परका म्हणून नाक मुरडतो, त्याचेही तेच. अरबीतून फारसीत आलेल्या या शब्दाचा फारसी अर्थ दुःख, खंत असा आहे. अरबीत घशात अडकलेला घास, गुदमरणे. हिंदुस्थानात येईपर्यंत त्या आवंढ्याचा क्रोध झाला. म्हणजे राग प्रेमातून, संताप दाहातून आणि गुस्सा दुःखातून आलेला. समानार्थी म्हणून एका ओळीत बसवलेल्या या तिघांची गावे तीन. घरात हिंदीचा वावर वाढला की मुलांच्या तोंडी हा शेवटचा पाहुणा सर्वत्र बसतो. त्याला माझी हरकत नाही, तोही आता आपलाच आहे. हरकत आहे ती 'चीड' जाण्याला. सासूचा राग येतो, मुलाचा राग येतो, पण चीड येते ती अन्यायाची, ढोंगाची. चीड या शब्दात भावनेला कारणाचा आधार असतो. तो भेद 'गुस्सा' करत नाही.

हसण्याची बाब वेगळी. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. उत्तम पुरुषाने हसताना दात दिसू देऊ नयेत, फार तर किंचित दिसावेत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत किंवा कुशी धरून हसणे हे हलक्यांचे काम. आपल्याला वरच्या टोकाचे 'स्मित' मिळाले आणि आपण त्याला पुन्हा 'हास्य' जोडून 'स्मितहास्य' केले. मधले 'उपहसित' मात्र 'उपहास' होऊन अशा ठिकाणी पोहोचले, जिथे हसण्याची गरजच उरली नाही; गंभीर चेहऱ्यानेही उपहास करता येतो.

मराठीने भरताची ही उतरंड मानली नाही. तिने हसणे कानांनी मोजले: खुदकन, फिदीफिदी, खो-खो, खदखदा. येथे पात्र उत्तम की अधम हे कोणी विचारत नाही. 'थट्टा' घरातली, 'मस्करी' अरबी 'मस्खरा'च्या गोतावळ्यातली आणि 'चेष्टा' संस्कृतातली, जिचा हिंदीत अर्थ प्रयत्न. 'विनोद' म्हणजे मुळात दूर सारणे, मग मन रमवणे. त्याला लेखनप्रकाराची प्रतिष्ठा मिळाली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांच्यानंतरच्या पिढ्यांमुळे. त्यांपैकी चि. वि. जोशी वडोद्याचे, पालीचे अभ्यासक. चिमणराव त्यांच्याच लेखणीतून उतरला. त्या विनोदात कोणी कोणावर दात काढत नाही.

आणि 'खदखदा' या शब्दाकडे थोडे थांबून पाहा. चुलीवर भात खदखदतो, मित्रांत बसलेला माणूस खदखदून हसतो, आणि गावात असंतोष खदखदत असतो. झाकण एकच, खाली काय शिजते आहे ते मात्र आपल्याला वाक्य पुरे झाल्यावर कळते.