जामखेडचे डॉक्टर आरोळे

ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मगुरूंची, कॅटेकिस्टांची व शाळामास्तरांची नावे यावीत हे योग्यच होय. त्यांच्या श्रमांवाचून हे दिवस आपणांस दिसले नसते. परंतु ह्या जिल्ह्यात ख्रिस्ती सेवेचा जो इतिहास घडला, त्याची एक मोठी शाखा आपल्या पॅरिशच्या हद्दीबाहेर, किंबहुना आपल्या मंडळीच्याही बाहेर वाढली. डॉ. रजनीकांत शंकरराव आरोळे हे कॅथलिक नव्हते. पण ते आपल्याच जिल्ह्याचे पुत्र होते, आपलीच मराठी बोलत होते, आणि लहान गावच्या डॉक्टराने आपले आयुष्य कोठे व कसे खर्ची घालावे ह्या प्रश्नास त्यांनी जे उत्तर दिले, ते आपल्या घरांतील मुलामुलींस ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म 10 जुलै 1934 रोजी सुपे येथे, शिक्षकाच्या घरी झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेतले. तेथेच मेबल इम्यॅन्युएल ह्या सहाध्यायिनीशी त्यांची ओळख झाली. मेबलबाई जबलपूरच्या, त्यांचे वडील तेथील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात अध्यापक होते. 1960 साली उभयतांचा विवाह झाला. खेड्यांतील गोरगरिबांसाठीच आपण आयुष्य वेचू, अशी शपथ त्यांनी त्याच दिवशी घेतली. लग्नाच्या दिवशी पुष्कळ जण पुष्कळ काही बोलतात. ह्या दोघांनी ते शेवटपर्यंत पाळले, एवढाच काय तो फरक.

प्रथम ते नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात आले. 1966 पर्यंत त्यांनी तेथे काम केले. शस्त्रक्रिया होत, बाळंतपणे होत, रोग्यांची रीघ लागे. बाहेरून पाहणारास वाटावे, ह्याहून अधिक काय पाहिजे? पण डॉक्टरांच्या मनात एक शल्य राहिले. हगवणीने सुकलेले मूल बरे करून घरी धाडावे, आणि काही आठवड्यांनी तेच मूल त्याच दुखण्याने पुन्हा खाटेवर यावे! औषधाने रोग हटत होता; पण ज्या पाण्यातून व ज्या उपासमारीतून तो उपजत होता, ते पाणी व ती उपासमार गावात जशीच्या तशी होती. दवाखान्याच्या चार भिंतींत बसून हे कधीही सुटणार नाही, हे त्यांस वडाळ्यासच कळून चुकले.

पुढे पतिपत्नी अमेरिकेस गेली. क्लीव्हलंड येथे त्यांनी वैद्यक व शल्यकर्म ह्यांचा अधिक अभ्यास केला, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र शिकून 1970 साली ती स्वदेशी परतली. तेथे राहते तर पैका व मान दोन्ही मिळते. परंतु त्यांनी जागा शोधली ती जामखेडची.

ज्यांनी जामखेड पाहिले आहे त्यांस वर्णन नको. जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, बालाघाटच्या उघड्या डोंगरांच्या कुशीत हा तालुका वसला आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. हंगामात माणसे ऊस तोडावयास बाहेर जातात आणि गावे ओस पडतात. गावच्या मंडळींनी डॉक्टरांस जागा दिली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. तेथेच समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आरंभ झाला.

लवकरच 1972 चा दुष्काळ आला. आपले वडीलधारे अजूनही त्याच्या आठवणी सांगतात: खडी फोडण्याची कामे, सुकडी, रिकाम्या विहिरी. डॉक्टर गावोगाव हिंडून लोकांस विचारीत, तुम्हांस काय हवे? औषध हवे असे क्वचितच कोणी म्हणे. अन्न व पाणी, हीच दोन मागणी. मग डॉक्टरांनी मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे उघडली आणि कूपनलिका खोदविल्या. त्या कूपनलिकांची गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या दलित वस्तीत खोदल्या जाव्यात, असा त्यांचा कटाक्ष होता. जी माणसे गावच्या विहिरीच्या पायरीवर चढू शकत नव्हती, त्यांच्या दाराशी गावाने घागर घेऊन यावे, असा तो बेत! ह्यावर कोणी प्रवचन केले नाही. तहान काय ते बोलली.

पुरुषांस एकत्र आणण्याची त्यांची तऱ्हा तर ह्याहून मौजेची होती. सभा बोलाविली तर जो तो आपापल्या जातीच्या कोंडाळ्यात बसे. तेव्हा डॉक्टरांनी गावच्या मोकळ्या जागी जाळे बांधले आणि व्हॉलीबॉल सुरू केला. शस्त्रक्रिया करणारा हा गृहस्थ संध्याकाळच्या धुळीत शेतकऱ्यांबरोबर चेंडू मारू लागला. खेळात गडी निवडताना जात पाहून चालत नाही. खेळ संपल्यावर बोलणे निघे, ते पिकाचे, पाण्याचे, बियाण्याचे. त्यांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे ह्याच मंडळांनी बांध घातले, झाडे लाविली, माळ हिरवे केले. डॉक्टरांचा निम्मा दवाखाना शिवारात होता म्हटले तरी चालेल.

पण त्यांचे खरे धाडस वेगळेच. गावोगावी परिचारिका नेमून पाहिल्या, तो प्रयोग नीट वठला नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहण्यास भिई, आणि गावही तिचे ऐकेना. तेव्हा ठरले की, गावची बाई गावानेच निवडावी व तिला शिकवावे. ह्या बाया बहुधा निरक्षर. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, पुष्कळशा दलित. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडास येऊन राहत. सुरुवातीस एकीच्या हातचे पाणी दुसरी पीत नसे. निजावयास मात्र सर्वांस मिळून एकच मोठे पांघरूण दिले जाई. थंडीत ते सोडून जाणार कोठे?

त्या काय शिकल्या? हगवण लागलेल्या मुलास पाणी तोडू नये, उलट मीठ-साखरेचे पाणी पाजीत राहावे. गरोदर बाईने मूल मोठे होईल ह्या भयाने अर्धपोटी राहू नये. नाळ कापण्याचे पाते व बांधण्याचा दोरा उकळून घ्यावा, म्हणजे बाळास धनुर्वात होत नाही. मुलांची वजने घेऊन नोंद ठेवावी. कुष्ठाचा चट्टा वेळीच ओळखावा. ह्यांत गूढ असे काही नाही, आणि डॉक्टरांचे म्हणणे नेमके तेच होते. जे ज्ञान डॉक्टरने आपल्या पेटीत कुलपात ठेवले होते, त्यातील पुष्कळसे कोणत्याही शहाण्या बाईस देता येते. अशिक्षित बाईच्या हाती औषध देणे म्हणजे जिवाशी खेळ, असा आक्षेप वैद्यकी करणाऱ्यांनी घेतला. त्यास आकड्यांनी उत्तर दिले. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे, 1971 साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत. 1993 साली ती संख्या 19 वर आली.

ह्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टन येथील आरोग्य परिषदेत बोलावयास गेल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरे लटकत होती. त्यांनी एक पणती दाखविली, आणि ह्या झुंबरांसारखे डॉक्टर सुंदर खरे, पण महाग व दूर टांगलेले. पणती मात्र झोपडीतही लावता येते आणि एका पणतीवरून दुसरी पेटविता येते, अशा अर्थाचे भाषण केले. सभा उठून उभी राहिली म्हणतात.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. 1979 साली उभयतांस मॅगसेसे पारितोषिक, 1990 साली पद्मभूषण. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडची हकीकत आली. 2005 साली भारत सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव ‘आशा’ नेमल्या, त्या योजनेच्या मुळांत जामखेडचाही वाटा मानतात. मात्र एक भेद विसरू नये. सरकारी योजनेत कामागणिक मोबदला ठरतो व हुकूम वरून येतो. जामखेडची बाई गावास उत्तर देई. योजनेची नक्कल करता येते, विश्वासाची करता येत नाही, आणि तो जमविण्यास आरोळ्यांस वर्षानुवर्षे गावांत बसावे लागले होते.

मेबलबाईंविषयी स्वतंत्र लेखच हवा. पतीच्या नावाच्या छायेत त्यांचे नाव झाकले जाते हे अन्यायाचे आहे. वेल्लोरास त्या त्यांच्याही पुढे होत्या. बायांची शिकवण, बाळंतपणे, स्त्रियांची मंडळे हा भार मुख्यत्वे त्यांनी वाहिला, आणि पुढे युनिसेफनेही दक्षिण आशियासाठी त्यांचा सल्ला घेतला. 1999 साली त्या निवर्तल्या. त्यानंतर डॉक्टर बारा वर्षे जामखेडासच काम करीत राहिले, आणि 25 मे 2011 रोजी त्यांनी इहलोक सोडला.

जामखेडास पुढे शिक्षणसंस्था निघाली. देशोदेशींचे डॉक्टर व विद्यार्थी तेथे शिकावयास येऊ लागले. त्यांस शिकविणाऱ्यांत, ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशा जामखेड तालुक्यातील ह्याच बाया होत्या.