काचेच्या बरणीतील बाग

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्याच्या उतारावर हळीव पेरणारी मुले आणि नाताळच्या गोठ्यासाठी नाचणीचे हिरवे कोंब वाढविणारी मुले वस्तुतः एकच खेळ खेळत असतात. हातभर जागेत डोंगर, पायवाट आणि कुरण उभे करावयाचे व त्या इवल्या सृष्टीचे धनी व्हावयाचे. अलीकडे शहरांतील घरांतून काचेच्या बरणीत शेवाळ, नेचे आणि चिमुकली घरे मांडून परीची बाग करण्याची हौस दिसू लागली आहे. ही हौस निरुपद्रवी वाटते. परंतु तिचा उगम एका वैद्याच्या निराशेत आहे, आणि तिच्यातून निघालेल्या काचपेटीने खंडोखंडीची शेती पालटून टाकली आहे.

डॉ. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) हे पूर्व लंडनमध्ये, गोदीपासून जवळच असलेल्या वेलक्लोज स्क्वेअर येथे वैद्यकी करीत. तेराव्या वर्षी ते जमेकाचा प्रवास करून आले होते. तेथील ताड आणि नेचे त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत. आपल्या घरामागे दगडांची भिंत रचून, तिच्यावर पाणी झिरपत ठेवून त्यांनी नेचे लावले. पण भोवतालच्या धुराड्यांची काजळी पानांवर बसे आणि एकेक रोप वाळून जाई. अखेरीस त्यांनी तो नाद सोडला.

१८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून तो रुंद तोंडाच्या बरणीत ठेवला व वर झाकण बसविले. पतंग बाहेर पडण्याची ते वाट पाहत असता मातीतून एक नेचा आणि गवताचे एक पाते वर आले. दिवसा मातीतील ओल वर चढे, काचेवर थेंब होऊन साचे आणि पुन्हा मातीत उतरे. ओल होती तेवढीच राहिली, काजळी मात्र आत शिरली नाही. वॉर्ड यांनी ती बरणी उत्तरेकडील खिडकीबाहेर ठेवून दिली. पाण्याचा थेंबही न घालता ती दोन रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले, आणि मगच ती मेली.

वॉर्ड यांना दोन गोष्टी सुचल्या. पहिली शहरातील गरिबांसाठी होती : धुराने काळवंडलेल्या घरातही खिडकीशी हिरवळ नांदू शकेल. दुसरी समुद्रप्रवासासाठी होती. त्या काळी गलबताच्या डेकवर खारे वारे, ऊन आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी रोपे मरत. चीनमधून इंग्लंडला निघालेल्या हजार रोपांतून एखादेच जगते, असा अंदाज मकाव येथील एका शल्यवैद्याने १८१९ मध्ये केला होता. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी नेचे व गवत भरलेल्या दोन काचपेट्या सिडनीस पाठविल्या; त्या सुखरूप पोहोचल्या. तेथील रोपे भरून त्याच पेट्या १८३४ मध्ये परत निघाल्या. वाटेत कडक ऊन झाले, केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ पडले. आठ महिन्यांनी लंडनला पेट्या उघडल्या तेव्हा आतील रोपे टवटवीत होती. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. १८४५ मध्ये इंग्लंडातील काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली, आणि दिवाणखान्यातून काचबागा दिसू लागल्या. खुद्द वॉर्ड यांच्या घरी एका काचघरात टिंटर्न ॲबी या भग्न मठाच्या पश्चिम खिडकीची छोटी प्रतिकृती उभी होती आणि तिच्याभोवती नेचे वाढत होते. आजच्या परीच्या बागेची ही थेट पूर्वज होय.

मात्र गलबतावरील पेट्यांनी जे केले ते शोभेपुरते राहिले नाही. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने १८४८ पासून चीनमध्ये हिंडून चहाचे बी व रोपे मिळविली आणि १८५१ मध्ये ती अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पेरूच्या डोंगरातून हिवतापावरील सिंकोनाची रोपे काढली. परंतु तांबड्या समुद्रातील उष्म्याने ती खचली व उटकमंडला पोहोचल्यावर मेली. पुढे इक्वेडोरमधून आलेल्या तांबड्या सालीच्या सिंकोनाने निलगिरीत मूळ धरले. महाबळेश्वरच्या लिंगमळ्यातही सिंकोना लावून पाहिला गेला, पण तेथील धुवाधार पावसात तो टिकला नाही. बंगालमध्ये १८९२ पासून टपालकचेरीत पैशाला एक याप्रमाणे कोयनेलची पुडी मिळू लागली. रबराची कथाही अशीच आहे. १८७६ मध्ये ब्राझीलहून आलेल्या बियांपासून क्यू येथील उद्यानात वाढविलेली सुमारे एकोणीसशे रोपे ३८ काचपेट्यांतून सिलोनला रवाना झाली. आशियातील रबराचे मळे उभे राहिले, आणि चार दशकांच्या आत ॲमेझॉनकाठचा रबराचा व्यापार कोसळला.

येथे इतिहासाला दोन्ही पारडी पाहावी लागतात. त्या पुडीने हिवतापाने फणफणलेल्या कित्येकांचे प्राण वाचले असतील. पण ज्या डोंगरातील लोकांनी ती साल ओळखली, जपली आणि सोलली, त्यांच्या पदरात तिच्या नफ्यातील काय पडले? चहाच्या मळ्यांवर ज्यांना दूरदूरच्या गावांतून नेण्यात आले, त्यांच्या हालांचा हिशेबही याच खात्यात मांडावा लागतो. शिवाय पेटीतील मातीबरोबर किडे आणि बुरशी यांचाही प्रवास होई. त्यामुळेच पुढे देशोदेशी रोपांच्या तपासणीचे कायदे झाले. विमान व प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या पेट्या मागे पडल्या.

बरणी मात्र घरी परतली. तळाशी खडे, त्यावर कोळशाचा थर, मग माती, एखादा नेचा, मूठभर शेवाळ, बेताचे पाणी आणि कडक उन्हापासून दूर अशी जागा. एवढ्यावर ती बाग उभी राहते. पाणी अधिक झाले तर मुळे कुजतात, झाकण सदैव उघडे राहिले तर ओल उडून जाते. आत जे घातले तेच पुन्हा पुन्हा फिरून वापरावयाचे असते, बाहेरून काही मिळावयाचे नसते. खिडकीशी बसून काचेवरचा थेंब ओघळताना पाहणाऱ्या मुलाला एवढे जरी उमगले, तरी ज्या मोठ्या बरणीत सारी माणसे राहतात तिच्याविषयी त्याला पुष्कळ कळले, असे म्हणता येईल.