नावाची इंडिका

अझेलिया इंडिका हे नाव वाचून वाटेल, झाड आपलंच! नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं, पण या झाडांचं मूळ चीन-जपानचं. त्या काळी युरोपला पूर्वेचं बरंच काही 'इंडीज'च वाटायचं. आमच्या धंद्यात व्हेरिएबलला चुकीचं नाव पडलं की जन्मभर चिकटतं, तसंच हे.

बेल्जियममध्ये थंडीपायी हिला काचघरात जपत. पण १८४० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्सटनजवळच्या मॅग्नोलिया प्लांटेशनवर जॉन ड्रेटन या पाद्रीबुवांनी ती चक्क उघड्यावर लावली. आणि गंमत म्हणजे, ही नाजूक बाई तिथल्या दमट उकाड्यात माणसाच्या उंचीच्याही वर गेली! आम्लधर्मी माती, मोठ्या झाडांची विरळ सावली, उथळ मुळांवर पाचोळ्याचं पांघरूण. अजून काय हवं? जी जात तिथल्या उन्हात टिकली, तिचीच कलमं पुढे वाढली. ऑगस्टामध्ये बर्कमन्स या बेल्जियन घराण्याच्या फ्रूटलँड नर्सरीने ती दक्षिणेत घरोघरी पोचवली. त्या नर्सरीच्या जागी आता मास्टर्स स्पर्धेचं गोल्फ मैदान आहे.

असो. ड्रेटनसाहेबांना बागेचं श्रेय मिळालं, ते स्वतःही मातीत हात घालत. पण १८६५ पर्यंत तिथे खड्डे खणणारे, पाणी घालणारे बहुतेक हात गुलामांचे होते. फाईलच्या माथ्यावर नाव एकाचं, कोड दहाजणांचा, हे आम्हाला नवीन नाही. फरक एवढाच, की आम्हाला राजीनामा देता येतो.