शेवरलेचा ट्रक, परका गिअरबॉक्स आणि क्लचचा दांडा

इंद्रवेल्लीला रेल्वे आली नाही. कापूस आदिलाबादच्या बाजारात न्यायचा तर गुडीहत्नूरवरून, रस्त्यानेच. म्हणून या भागाच्या इतिहासात ट्रकला जागा हवी, आणि ट्रकच्या इतिहासात मिस्त्रीला. आपण निजामाची फर्मानं जपतो, मिस्त्रीचं काम मात्र भंगारात घालतो.

जुन्या शेवरलेत भलताच गिअरबॉक्स का दिसतो? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत, शिवडीला, गाड्यांची जोडणी सुरू केली. १९५३च्या टॅरिफ कमिशननंतर नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघू लागले. जुन्या ट्रकचे सुटे भाग दुर्मीळ झाले, मग मिळेल तो गिअरबॉक्स बसवणं आलं.

बेल हाऊसिंग, स्प्लाइन, पायलट बेअरिंग हे सगळं लेथवर जुळवता येतं. खरी कसोटी क्लचच्या लिंकेजची. समजा पेडल १५० मिमी दाबलं आणि पेडलपासून बेअरिंगपर्यंतचं प्रमाण १२ ला १ आहे, तर बेअरिंग साडेबारा मिमी सरकतं. त्यातले दोनेक मिमी खेळात जातात. नव्या फोर्कचा दांडा लांब निघाला आणि प्रमाण १६ ला १ झालं, की सरक साडेनऊच्याही खाली येते. पाय हलका पडतो, पण क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर कचकचतात. उपाय साधाच: दांड्याला आतल्या अंगाला दुसरं भोक. सरक परत मिळते, पाय जड होतो. (फुकट काहीच मिळत नाही, हे ड्रायव्हरच्या गुडघ्याला विचारा.)

जुना फोर्क ओढायचा असेल आणि नवा ढकलायचा, तर क्रॉस शाफ्टवरचा दांडा वरचा खाली फिरवून वेल्ड करतात, दिशा उलटते. त्याहून बारीक गोष्ट वेगळीच आहे. इंजिन रबरावर डुलतं, चेसिस डुलत नाही. म्हणून शाफ्टचं एक टोक चेसिसवर, दुसरं गिअरबॉक्सच्या बाजूला, आणि दोन्हीकडे गोलाकार सांधे. हे चुकलं तर भरल्या गाडीत चढावर क्लच आपोआप धक्के देतो. पुस्तक न वाचता हे ओळखणारा माणूस माझ्या लेखी इंजिनिअरच.

आता हौशी मंडळी जुने ट्रक ‘ओरिजिनल’ करताना असे दांडे पहिल्यांदा कापतात. मला ते पटत नाही. कापायचंच असेल तर आधी फोटो काढा, दोन्ही भोकांमधलं अंतर मोजा, वेल्डची बाजू लिहून ठेवा, आणि तो तुकडा फेकू नका.