दिल्ली दूरदर्शनवरची सई

सई परांजपे हे नाव आमच्या घरी आजीमुळे आलं, आणि तेही त्यांच्या आईच्या निमित्तानं. 1937 साली प्रभातचा ‘कुंकू’ आला तेव्हा आजी नुकतीच लग्न होऊन पुण्यात आली होती. त्या सिनेमातली म्हाताऱ्या नवऱ्याची शिकलेली, बापाला तोंडावर खरं सुनावणारी मुलगी सुशीला तिच्या मनात कायमची बसली. “ती शकुंतला परांजपे. रँग्लरांची लेक. सिनेमात बोलली तशीच बाहेरही बोलायची,” असं आजी सांगे. र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाचा उघड प्रचार करणारी बाई म्हणजे त्या काळी केवढं धाडस! आळीतल्या बायका तिचं नाव हळू आवाजात घेत, पण घेत मात्र आदरानं, हे आजी आवर्जून सांगायची.

सई या शकुंतलाबाईंची मुलगी. वडील रशियन चित्रकार. आईवडिलांचा संसार टिकला नाही आणि सई आजोबांच्या, म्हणजे रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. आजोबा भारताचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियात होते, तेव्हाची काही वर्षं तिकडेही गेली. आठव्या वर्षी त्यांच्या परीकथांचं पुस्तक छापलं गेलं, ‘मुलांचा मेवा’. त्या घरात मुलीनं लिहावं यात कुणाला नवल वाटत नव्हतं, आणि मला वाटतं, पुढच्या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

पुढची हकिगत काकांची. ते शाळकरी असताना पुणे आकाशवाणीवर सईताई मुलांचे कार्यक्रम करायच्या. रविवारी रेडिओभोवती वाड्यातली सगळी पोरं जमत. “शिकवत नव्हती रे ती, आमच्याशी खेळायची,” हे काकांचं वाक्य. तिथून त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या, 1963 साली तिथलं शिक्षण पुरं झालं आणि मग दिल्लीच्याच टेलिव्हिजन केंद्रात त्या निर्मातीचं काम करू लागल्या.

इथून आत्या बोलू लागते, आणि तिचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आतोबांची सरकारी नोकरी, बिऱ्हाड दिल्लीत. टेलिव्हिजन तिथे 1959 सालीच प्रायोगिक म्हणून सुरू झाला होता, पण सत्तरीच्या आसपास अख्ख्या गल्लीत संच एकच, पंजाबी शेजाऱ्यांकडे. नाटक असलं की त्यांच्या बैठकीत सतरंज्या पडत. शेवटी लेखिका-दिग्दर्शिका म्हणून नाव आलं की आत्या सगळ्यांना सांगायची, “ही आमच्या पुण्याची!” शेजारीण म्हणायची, “पण बोलतात तर सगळे आमच्यासारखे.”

शेजारणीचं हे निरीक्षण अगदी नेमकं होतं. तेव्हाचा स्टुडिओ लहान, पैसा बेताचा. एक खोली, फार तर दोन, चार-पाच पात्रं. पळापळ करून, वस्तू फोडून, घसरून पडून हसवायला जागाच नाही. जे काही हसू यायचं ते बोलण्यातूनच यावं लागे. मग माणूस खरं काय बोलतो, काय लपवतो, थाप मारताना कोणता शब्द जास्तीचा वापरतो, हे लेखिकेला कानानं टिपावं लागलं. सईंचा कान त्यात पक्का झाला. पुणेरी घरात वाढलेल्या बाईनं दिल्लीच्या पोरांची भाषा अशी उचलली की दिल्लीकरांना ती परकी वाटली नाही. ‘द लिटल टी शॉप’ या त्यांच्या टेलिफिल्मला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघाचं पारितोषिक मिळालं ते 1972 साली. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम करायला बोलावणं आलं ते त्यांनाच.

ज्या सिनेमांवर आपण जीव टाकतो त्यांची मुळं या छोट्या पडद्यात आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. ‘स्पर्श’ आधी ‘रैना बीती जाये’ या नावाचं टीव्ही नाटक होतं. 1981 चा ‘चश्मेबद्दूर’ आधी ‘धुआँ धुआँ’ होता. एका खोलीत राहणारी तीन मुलं, वाटून ओढलेली सिगरेट, उधारीवर चालणारा पानवाला लल्लन मियाँ, आणि ‘चमको’ पावडर विकायला दारात आलेली नेहा. हे सगळं खोली-दोन खोल्यांतच घडू शकतं. त्यात दुष्ट कुणी नाही. थापाड्या मित्रांवरही लेखिकेचा राग नाही. ‘कथा’ श्री. ग. साठ्यांच्या नाटकावरून आला, पण चाळीतल्या माणसांकडे बघण्याची ती मायाळू, सावध नजर सईंचीच.

ऐंशीनंतर प्रायोजित मालिकांचा जमाना आला. 1984 साली ‘अडोस पडोस’ आणि पाठोपाठ ‘छोटे बडे’. तेव्हा आमच्याकडे स्वतःचा टीव्ही होता आणि आजीही हसायची. हिंदी तिला अर्धंच कळे, तरी हसायची. हिंदी मालिकांतल्या विनोदाची चर्चा निघाली की शरद जोशींचं नाव पहिलं येतं, आणि ते यायलाच हवं. पण त्याच्याही कितीतरी आधी एक बाई दिल्लीच्या स्टुडिओत बसून संवाद लिहीत होती, तालमी घेत होती, चित्रीकरण करत होती. तिचं नाव त्या यादीत अग्रभागी नसणं मला अन्यायाचं वाटतं. पद्मभूषण त्यांना 2006 साली मिळालं. ‘सय’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतः बरंच लिहून ठेवलं आहे.

पण प्रेक्षकांची बाजू कुठे लिहिलेली नाही. त्या काळी टेपा महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात. कृष्णधवल दूरदर्शनवरची किती नाटकं आज फक्त बघणाऱ्यांच्या आठवणीत उरली असतील. तुमच्या घरात दिल्लीत किंवा मुंबईत ती पाहिलेली आत्या, मावशी, काका असतील, तर त्यांच्याजवळ बसा, कोणत्या वाक्याला सगळे हसले ते विचारा, आणि या दिवाळीच्या आत ते लिहून काढा.